खंडेनवमीला ताणलेलं धनुष्य

क्रॉसबो रिकामा कसा करायचा हे आमच्या घरात सगळ्यांत आधी मला नीट कळलं होतं, आणि त्याचा काडीइतकाही उपयोग झाला नाही.

गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबातली, ऐंशीनंतरच्या दोन-तीन वर्षांतली. नवरा तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात सर्जरीत होता. पुण्याहून एम. एस. होऊन आला होता, पण इथे त्या कागदाला कुणी विचारत नव्हतं. म्हणून पुन्हा पहिल्यापासून सगळं. लग्न झालेला, पस्तिशीला आलेला माणूस पंचविशीतल्या पोरांबरोबर ड्यूट्या करत होता आणि घरी येऊन त्यांच्याच पुस्तकांत डोकं घालत होता. चार वर्षं अशी गेली होती. शेवटची परीक्षा मार्चमध्ये होती. ती झाली की तो इथला पक्का सर्जन, नाही झाली तर पुन्हा शून्यावर. मी पुण्यातली शाळेतली नोकरी सोडून आले होते. थोडक्यात, आमचं सगळं त्याच्या दोन हातांवर उभं होतं, आणि हे त्यालाही माहीत होतं. कांदा चिरायला सांगितला की म्हणायचा, "हे हात कांद्यासाठी नाहीत." बरणीचं घट्ट झाकण उघडायला दिलं तर माझ्याकडे परत सरकवायचा. मी चिडवायची, हात बँकेच्या लॉकरमध्ये ठेव म्हणून.

आणि हा माणूस शनिवारी सकाळी रानडुकरं मारायला जायचा.

हे खूळ शेजाऱ्याचं. कुंपणापलीकडे एक सत्तरीचा म्हातारा एकटा राहायचा. आयुष्यभर त्याने ट्रॅक्टर दुरुस्त केले होते आणि आता दुरुस्त करायला काही उरलं नाही म्हणून मागच्या शेडमध्ये नवनव्या वस्तू बनवत बसायचा. त्यातलाच हा क्रॉसबो. बंदुकीसारखा लाकडी दस्ता आणि त्याच्या टोकाला आडवं धनुष्य, तेही जुन्या गाडीच्या स्प्रिंगच्या पट्टीचं. दोरी दोन्ही हातांनी मागे ओढून एका खटक्यात अडकवायची, पुढच्या खोबणीत बाण ठेवायचा आणि खालचा चाप दाबला की खटका सुटतो. गावाबाहेर ज्वारीच्या शेतांत रानडुकरं धुडगूस घालायची, त्यामुळे कुणी मारायला आलं तर शेतकरी चहा पाजायचे. म्हातारा नवऱ्याला एकदा बरोबर घेऊन गेला आणि नवरा पार वेडा झाला. ज्याच्या घरी लग्नापर्यंत अंडंसुद्धा शिजलं नव्हतं तो हा. एकही डुक्कर त्याने कधी मारलं नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. डुकरांना बहुधा त्याची ओळख झाली असावी. पण पुस्तकं, ड्यूट्या आणि परीक्षा यांच्यापासून तेवढे दोन-चार तास त्याची सुटका व्हायची, म्हणून मीही काही बोलायची नाही.

पुढे म्हाताऱ्याने तो क्रॉसबो आमच्याच गॅरेजमध्ये ठेवायला दिला. तेव्हा एके दुपारी मी कपडे वाळत घालत होते, तर त्याने मला कुंपणाजवळ बोलावलं. ज्या घरात ही वस्तू असते त्या घरातल्या प्रत्येकाला ती शांत कशी करायची ते ठाऊक हवं, असं त्याचं म्हणणं. त्याच्या मागच्या अंगणात वाळूचा मोठा ढीग होता. त्याने एक जुना बोथट बाण आणला. त्याच्या शेपटाला लाल चिंधी बांधलेली होती. या बाणाने शिकार करायची नाही, तो म्हणाला, हा फक्त घरी जाण्यासाठी. शिकार झाली, न झाली, दोरी ताणलेली राहिली असेल तर गाडीत बसायच्या आधी पाच-सहा पावलांवरून हा बाण मऊ मातीत सोडायचा. बाण नसताना चाप कधी दाबायचा नाही, कारण मग सगळा जोर धनुष्यातच उलटतो आणि पट्टी फुटते. अंगठा आणि बोटं कायम दोरीच्या वाटेच्या खाली. हे सगळं त्याने माझ्याकडून दोनदा करून घेतलं. बाण वाळूत घुसायचा आणि दोरी सरळ होऊन गप्प पडायची. मग त्याने मला दोरी बोटाने दाबून पाहायला लावली.

"आणि हाताने सैल करायची नाही," तो म्हणाला. "नेव्हर. ओढताना जोर तुझा असतो. सोडताना दोरीचा असतो." आणि त्याने डाव्या हाताची करंगळी दाखवली. ती अर्धीच होती.

संध्याकाळी मी हे सगळं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मला माहीत आहे गं." त्याला खरोखरच माहीत होतं. म्हणून तर अजून राग येतो.

ऑगस्टमध्ये सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. त्या आल्या आणि घरातल्या दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे एरवी नवऱ्याला 'अरे तू' करणारी मी 'अहो, तुम्ही' करू लागले. दुसरी म्हणजे डुकरं बंद झाली, म्हणजे बोलण्यातून बंद झाली. पहिल्याच शनिवारी त्यांनी विचारलं, "हा पहाटे कुठे जातो?" नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं, आणि तो म्हणाला, "नेमबाजीला जातो, आई. व्यायाम असतो." आई खूश. परदेशात राहून पोरगा व्यायाम करतो, सिगरेट ओढत नाही, आणखी काय हवं? पुण्याला लिहिलेल्या पत्रातसुद्धा त्यांनी ते कळवलं. आता रानडुकराचं नाव काढणं कुणालाच शक्य नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये नवरात्र आलं. खंडेनवमी रविवारी होती आणि दसरा सोमवारी. सोमवारी सगळ्यांना कामं, म्हणून गावातल्या पाच भारतीय कुटुंबांना मी रविवारी दुपारी चारला फराळाला बोलावून ठेवलं होतं. पाच घरांची मिळून आठ मुलं होती, सगळ्यात धाकटं दीड वर्षाचं.

आदल्या दिवशी, शनिवारी, म्हातारा मुलीकडे ब्रिस्बेनला गेला होता. नवरा एकटाच गेला. एकट्याने जायचं नाही असं म्हाताऱ्याने शंभरदा बजावलं होतं. अकराच्या सुमाराला परत आला तो थेट गॅरेजमध्ये शिरला. मी मागोमाग गेले तर तो क्रॉसबो जुन्या चादरीत गुंडाळत होता आणि दोरी मागे खटक्यात अडकलेली होती.

"हे काय? ताणलेलाच आणलास?" सासूबाई बागेत होत्या म्हणून मी तू म्हणू शकले.

"बाणच नाही. दोन वाया गेले. तिसरा लावला होता, पण तारेच्या कुंपणातून येताना कुठे गवतात पडला कळलंच नाही. अर्धा तास शोधला."

"आणि तो लाल चिंधीवाला?"

"तो म्हाताऱ्याच्या गाडीत असतो." तो कपाळावरचा घाम पुसत होता. "उद्या तो आला की घेतो त्याच्याकडून. एक रात्र राहू दे. कुणाला लागतोय गॅरेजमध्ये?"

बाकाच्या खाली, रंगाच्या डब्यांमागे त्याने ते गाठोडं सारलं. मी म्हटलं, किल्ली लाव. त्याने लावली. गॅरेजची किल्ली स्वयंपाकघरातल्या खुंटीवर असायची, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

रविवारी पहाटेच त्याला हॉस्पिटलातून फोन आला. तो ऑन-कॉल होता. मी आठ वाजता न्हायला गेले. बाहेर आले तर हॉलमध्ये उदबत्तीचा वास सुटला होता आणि सासूबाई पाटापुढे बसल्या होत्या. पाटावर शिलाई मशीनची कात्री, माझी विळी, स्टेथोस्कोप, त्याची दोन जाडजूड पुस्तकं, गाडीची जादा किल्ली. आणि या सगळ्याच्या मधोमध दोरी ताणलेला क्रॉसबो. त्याला झेंडूची माळ घातली होती.



"आई, हा कुणी आणला इथे?"

"मीच आणला की. विळी-कात्रीची पूजा करायची आणि घरातलं खरं शस्त्र अंधारात टाकायचं? आज त्याचाच तर दिवस." त्या कौतुकाने बघत होत्या. "जड आहे गं चांगलाच. छातीशी धरून आणला."

छातीशी धरून आणला. पन्नास किलोची ती बाई गॅरेजच्या तीन पायऱ्या चढून तो क्रॉसबो छातीशी धरून आली होती, एक बोट चुकून चापाला लागलं असतं तर काय झालं असतं हे मी आजही पुरतं मनात आणू शकत नाही. मी जवळ गेले. दस्त्याला गंध, धनुष्याच्या दोन्ही टोकांना कुंकू, आणि दोरीला या टोकापासून त्या टोकापर्यंत ओल्या हळदीची बोटं ओढलेली. दोरी कोरडी पडेल म्हणून वर चार थेंब तेलही लावलं होतं. त्यांनी सगळं मनापासून केलं होतं.

मी हात पुढे केला तर त्यांनी माझं मनगट धरलं. "हलवायचं नाही आता. पूजा झाली. उद्या दसऱ्याची उत्तरपूजा झाली की मग हलवायचं. तोवर त्या शस्त्राला काम नाही."

सासरचा हा रिवाज मला माहीत होता. लग्नानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला मी विळी उचलून भाजी चिरली होती, त्यावरून दोन दिवस घरात कुणी माझ्याशी धड बोललं नव्हतं. तरीही मी म्हटलं, "आई, दोरी ताणलेली आहे, लागेल कुणाला तरी. दुपारी मुलं येणार आहेत."

"बाण कुठाय त्याला? बाण असता तर गोष्ट वेगळी."

"बाण नसला तरी बोटं जातात."

"मग मुलांना सांगायचं, हात लावू नका. पूजेला हात लावत नाहीत, एवढं शिकवलेलं असेल ना त्यांच्या आयांनी?"

टूवूंबातल्या त्या आठ मुलांना काय शिकवलं होतं ते मला माहीत होतं. मी वरून कपड्यांची मोठी टोपली उपडी घालू का म्हणून विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी टोपली परत नेऊन ठेवली. शेवटी म्हटलं, "आई, आपण दसरा आजच धरू या का? नाही तरी पाहुणे आज बोलावलेत. संध्याकाळी उत्तरपूजा करून टाकू."

"पाहुण्यांना रविवार लागतो," त्या शांतपणे म्हणाल्या. "देवाला तिथी लागते."

त्या वाईट नव्हत्या. हे मी आज वय झाल्यावर म्हणतेय असं नाही, तेव्हाही मला कळत होतं. त्यांना खरी गोष्ट सांगितलीच नव्हती. ती वस्तू डुकराच्या बरगडीतून आरपार जाण्यासाठी बनवलेली आहे, हे सांगितलं असतं तर त्यांनी ती पाटावर ठेवलीच नसती, आणि मुलालाही घरात घेण्याआधी आंघोळीला पाठवलं असतं. आम्ही त्यांना व्यायाम सांगितला होता. व्यायामाच्या वस्तूला कोण घाबरतं?

बाराच्या सुमाराला म्हाताऱ्याची गाडी आली. मी पळतच कुंपणापाशी गेले आणि त्याला सगळं सांगितलं, म्हणजे त्याला समजेल तेवढं सांगितलं. पूजा म्हणजे काय हे समजावताना माझी तारांबळ उडाली. तो मन लावून ऐकत होता. मग गाडीतून तो लाल चिंधीचा बाण काढून त्याने माझ्या हातात दिला.

"वाळूच्या ढिगावर या कधीही. तुझ्या सासूबाईंना राग येणार असेल तर वर जाड ब्लँकेट टाक आणि मुलांना त्या खोलीत सोडू नकोस. पण कुणीही हाताने—"

"नेव्हर," मी म्हटलं.

"गुड गर्ल. मी घरीच आहे. हाक मार."

त्याला आमच्या घरात येऊन स्वतःच ते करून टाकता आलं असतं. पण त्याने आमच्या देवाचा मान राखला. त्या दिवशी सगळेच कुणाचा ना कुणाचा मान राखत होते.

नवरा दोन वाजता आला. जेवताना मी त्याला पाटाकडे बघायला सांगितलं. त्याचा घास तसाच राहिला. मग मी बाण दाखवला. "म्हाताऱ्याने दिलाय. पाच मिनिटांत वाळूत सोडून आणता येईल."

तो उठून स्वयंपाकघरात आईकडे गेला. मी दाराशी उभी होते. त्या करंज्या तळत होत्या.

"आई, तो क्रॉसबो जरा बाहेर नेऊन एक बाण सोडतो आणि परत ठेवतो तसाच."

"पूजा झालेलं शस्त्र नवमीला चालवायचं नाही रे. तुझ्या वडिलांनी कधी चालवलं का?"

सासरे पोस्टात होते. त्यांनी आयुष्यात पेनाखेरीज काही चालवलं नव्हतं, आणि खंडेनवमीला ते पेनही चालवत नसत, हे मात्र खरं.

"अगं, मुलं येणार आहेत."

"मग काय ते इथेच कर. पण हलवायचं नाही आणि चालवायचं नाही. परीक्षेचं वर्ष आहे तुझं, उगाच कशाला विषाची परीक्षा?"

परीक्षेचं नाव निघालं आणि तो मागे फिरला. परीक्षेच्या बाबतीत तो आईपेक्षाही देवभोळा होता. बाहेर आला आणि पाटाशी उकिडवा बसून क्रॉसबोकडे बघत राहिला. मी त्याचा चेहरा ओळखते. आईलाही दुखवायचं नाही आणि कामही झालं पाहिजे, असा मधला मार्ग शोधण्यात या माणसाचा अर्धा जन्म गेला आहे. त्या दिवशीही त्याला तो सापडला.

"इथेच सैल करतो," तो म्हणाला. "हलवायचा नाही, बाण सोडायचा नाही. दोरी हळूच पुढे नेऊन ठेवायची. झालं."

"हाताने?"

"मी दर शनिवारी हातानेच ओढतो ना? मग सोडता येणार नाही?"

"अहो, म्हाताऱ्याने सांगितलंय, हाताने कधीच नाही. सोडताना जोर दोरीचा असतो."

"म्हातारा एकटा असतो. मी एकटा नाही." त्याने घड्याळ बघितलं. तीन वाजून गेले होते. "हे बघ. मी दोन्ही हातांनी दोरी धरतो, पाय धनुष्याला लावतो. जरा मागे ओढली की खटक्यावरचा भार जातो. तेव्हा तू खालून चाप दाबायचा. खटका सुटला की मी हळूहळू पुढे सोडतो. दोन मिनिटांचं काम आहे."

"पाहुण्यांना फोन करून नको म्हणू या."

"काय सांगणार? घरात धनुष्य ताणून ठेवलंय म्हणून?"

"मग मी ब्लँकेट घालून राखण करत बसते. मी फराळाला येतच नाही."

"अगं, काय हा पोरकटपणा?" तो आता वैतागला होता. झोप मोडलेली, सकाळपासून दोन ऑपरेशनं, आणि बायको वाद घालतेय. "तुला करायचं नसेल तर मी आईला बोलावतो चाप दाबायला."

हे त्याने उगीच म्हटलं असेल. पण मला डोळ्यांपुढे त्या दिसल्या, चापाला बोट लावून बसलेल्या, आणि मी खाली बसले.

लिहिताना मला हे पानभर लांबवावंसं वाटतंय, म्हणजे तो क्षण यायला नको. पण घडलं ते फार लवकर घडलं. तो पाटापुढे बसला, दस्ता दोन पायांच्या मध्ये, तळपाय धनुष्याच्या दोन्ही बाजूंना टेकवलेले. दोरीला बोटं अडकवली. उजवा अंगठा दस्त्यावर, खोबणीच्या कडेला टेकला. मला तो दिसला. मी म्हटलं, "अंगठा खाली घ्या." तो म्हणाला, "ग्रिप नाही मिळत मग. तू चापाकडे लक्ष दे." मी हात खाली घातला. चाप गार होता. त्याने दोरी जराशी मागे ओढली, त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या.

"हं, दाब."

"अरे, नको ना," मी म्हटलं. सासूबाई ऐकू जाईल इतक्या जवळ असताना पहिल्यांदाच मी त्याला अरे म्हटलं होतं.

"दाब म्हणतो ना!"

मी दाबला.

खटका सुटलेला मला बोटाला कळला. दोरी पुढे जायला लागली, सावकाश, अगदी तो म्हणाला होता तशी. वीतभर राहिली असेल. मला वाटलं, झालं, उगाच घाबरले. आणि त्याचा डावा हात हळद आणि तेलावरून सटकला. मग सगळा भार उजव्यावर आला आणि दोरी त्या हाताला घेऊन पुढे गेली. फळी मोडल्यासारखा आवाज झाला. तो ओरडला नाही. फक्त "आह" म्हणाला, कुणी पाय दिल्यावर म्हणतो तसा.

झेंडूची माळ तुटून फुलं कोपऱ्यापर्यंत गेली होती. त्याने उजवा हात डाव्या हाताने धरून तोंडासमोर उचलला आणि नीट बघितला. दुसऱ्या कुणाचा हात बघावा तसा बघितला. अंगठ्याच्या बुडाशी कातडी मनगटाकडे उलटली होती. त्याने अंगठा वाकवायचा प्रयत्न केला. अंगठा वाकला नाही.

"टेंडन गेलाय," तो म्हणाला. "नर्व्ह पण." मग माझ्याकडे बघून, अगदी हळू आवाजात, "टॉवेल आण. घट्ट बांध. हात वर धर."

सासूबाई झारा हातात घेऊन दारात उभ्या होत्या.

मी हॉस्पिटलला फोन लावला. नंबर दोनदा चुकला. पलीकडची बाई फार गोड बोलली. "डोन्ट वरी, लव्ह. घेऊन ये त्याला. मी ऑन-कॉल सर्जनला पेज करते." मी "नको" म्हणेपर्यंत तिने फोन ठेवला होता. आणि त्याच्या कमरेचा पेजर वाजायला लागला. त्याचे दोन्ही हात गुंतलेले. तो पेजर बंद करायला मीच खाली वाकले, आणि मला तिथेच रडू कोसळलं.

म्हाताऱ्याने आम्हाला हॉस्पिटलात पोचवलं. नवऱ्याच्या बॉसला घरून बोलावलं, तो बागेतल्या चपलांवरच आला. साडेतीन तास ऑपरेशन चाललं. पाहुण्यांना सासूबाईंनी काय सांगितलं, फराळ कुणी वाढला, मी कधी विचारलं नाही.

त्यानंतर लोक विचारायचे, कसं झालं? तो सांगायचा, दोरी निसटली. खरंच होतं ते. चाप कुणी दाबला, हे आजवर मला कुणीही विचारलेलं नाही, त्यानेसुद्धा नाही. त्याने एकदा जरी आवाज चढवून म्हटलं असतं की तू का दाबलास, तर मी भांडले असते, तू सांगितलंस म्हणून, असं ओरडले असते, आणि कदाचित दोघांचंही ओझं हलकं झालं असतं. पण तो काही बोलला नाही. त्या कामाला तीन हात लागत होते आणि त्याच्याकडे दोनच होते. मी नाही म्हणून उठून गेले असते तर त्याने आईला हाक मारली नसती. हे मला तेव्हाही माहीत होतं.

सहा-सात आठवड्यांनी बांधलेलं सगळं सुटलं. त्या दिवशी सासूबाई हट्टाने आमच्याबरोबर क्लिनिकला आल्या. बॉसने अंगठा हलवून बघितला, टाचणीने टोचून बघितलं. नवरा भिंतीकडे बघत "नो" म्हणत होता. पुन्हा टोचलं, पुन्हा "नो". मग बॉस हात धुवायला लागला. त्याला बहुतेक आमच्याकडे पाठ करायला काहीतरी काम हवं होतं.

सासूबाईंनी माझी बाही ओढली. "त्यांना विचार ना, याला या हाताने जेवता येईल का?"

मी विचारलं. दुसरा प्रश्न माझ्या जिभेवर होता, पण तो मी विचारला नाही.

बॉस वळला. "ओ येस," तो म्हणाला. "जेवेल. गाडी चालवेल. थोडी प्रॅक्टिस केली की लिहीलसुद्धा." मग तो थांबला. आम्ही तिघं वाट बघत होतो. त्याची यादी तिथेच संपली होती.

मी ते मराठीत सांगितलं, जेवढं होतं तेवढं. सासूबाईंनी तिथेच दोन्ही हात जोडले. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. "देव पावला," त्या म्हणाल्या. "जेवतोय, लिहितोय, मग आणखी काय हवं?" आणि त्यांनी त्याच्या केसांवरून हात फिरवला. त्याने माझ्याकडे पाहून मान किंचित हलवली. सांगू नकोस, असं म्हणत होता तो. मी सांगितलं नाही.

त्यानंतर रोज त्या त्याच्यासमोर बसून तो वरणभात कालवतो कसा ते बघायच्या. घास तोंडात गेला की त्यांचा चेहरा फुलायचा. तो एक घास जास्तच खायचा.

फेब्रुवारीत त्यांची परतीची तारीख आली. बॅगा गाडीत चढल्यावर त्या पुन्हा घरात गेल्या आणि वाटी-चमचा घेऊन बाहेर आल्या.

"मार्चमध्ये मी नसेन, म्हणून आत्ताच," त्या म्हणाल्या. "हात पुढे कर. उजवा."

त्याने केला. अंगठा बाजूला ताठ होता. त्यांनी तळहातावर दही-साखर घातली आणि म्हणाल्या, "पेपर शांतपणे लिही. आता हात बरा आहे." त्याने दही खाल्लं, वाकून त्यांच्या पाया पडला. परीक्षेचा अर्ज मागे घेत असल्याचं पत्र मी आठ दिवसांपूर्वीच पोस्टात टाकलं होतं. सही त्याने डाव्या हाताने केली होती.